उंबरठा, आणि एक कोंबडी

तिकाटणं माझ्या खांद्यावर, कॅमेरा तिच्या पाठीवर.
ड्रूसिला पार्डी चढणीला बोलायची नाही.
वर पोचली की आधी शिवी हासडायची, मग श्वास घ्यायची.
मी चौदा वर्षांचा. दिवसाचे दोन डॉलर, जेवण तिचं,
आणि एकच अट: फिल्मच्या पेटीवर बसायचं नाही.

पेटी उघडली की आधी वास यायचा,
कॉडच्या तेलाचा, ओल्या लोकरीचा.
मग महोगनीची फळी आडवी पडायची,
पितळी खिटी फिरायची,
आणि लाल भाता कण्हत पुढे सरकायचा,
दोन ठिकाणी चिकटपट्टी लावलेला.
शटर कधीच मेलं होतं.
भिंगावरची टोपी काढायची, मोजायचं, टोपी लावायची.
सेकंद ती माशांत मोजायची:
एक कॉड, दोन कॉड, तीन कॉड.
अंधारून आलं की मासे वाढायचे.

फॉक्स टिकलमधलं शेवटचं घर त्या दिवशी निघणार होतं.
शाळा, डॉक्टर, विजेचे दिवे, सगळं खाडीपलीकडे,
आणि बेट सोडलं तर सरकार माणशी पैसे देत होतं.
इलाय स्टकलेस म्हणाला, मग घरही येईल.
खाली रिकामी पिंपं बांधली, पुढे सहा होड्या जुंपल्या.
आत त्याची बायको ट्रायफीना.
चुलीवर किटली आहे, म्हणाली, मी उतरत नाही.

आमच्याकडे फिल्म दोनच उरल्या होत्या.
पहिली मी घालवली.
टोपी लावलेली नसताना पडदी ओढली,
आणि अख्खी सकाळ एका झटक्यात आत शिरली.
ती रागावली नाही. रागावली असती तर बरं झालं असतं.
“एक गेली,” एवढंच म्हणाली,
आणि काळ्या फडक्याचं टोक उचलून मला आत घेतलं.

घासलेल्या काचेवर, कोपऱ्यातल्या तड्याच्या अलीकडे,
समुद्र वर होता.
त्याला घर लटकलेलं, छप्पर खाली,
धुराडं आभाळात बुडालेलं,
आणि होड्या छतावरच्या झुरळांसारख्या
त्याला ओढत होत्या.
धूर खाली गळत होता.
मी मान वाकडी केली, तरी ते सुलटं होईना.
मागून इलायनंही डोकं घातलं.
बराच वेळ बघत राहिला.
“बुडत नाहीये ना?” त्यानं विचारलं.
“नाही,” ती म्हणाली.
“मग ठीक,” म्हणाला, आणि नाक पुसत किनाऱ्याकडे गेला.

वारा पडला होता. घर खाडीच्या तोंडाशी आलं होतं,
खिडकीत ट्रायफीनाचा पांढरा ॲप्रन दिसत होता.
लोक ओरडत होते, आता घे, आता!
आणि तेव्हा तिनं तिकाटण्याचा स्क्रू सैल केला
आणि कॅमेरा उलट्या दिशेला फिरवला.
घराकडे पाठ.
समोर काय? फिक्कट गवताचा चौकोन,
चार कोपऱ्यांत चार दगड,
आणि कुठेच न जाणारा एक उंबरठा.
तिनं टोपी काढली.
एक कॉड, दोन कॉड. मी मोजत नव्हतो,
मी रडत होतो, रागानं.
बारा कॉड झाले.

तो राग मी वीसेक वर्षं सांभाळला.
भर बाजारात तिला एकदा विचारलंही.
“घर हलत होतं, पोरा,” ती म्हणाली,
“बारा सेकंदांत त्याचं धुकं झालं असतं.”
आणि बटाटे निवडायला लागली.
खरं होतं ते. पण सगळं नव्हतं,
कारण टोपी लावताना तिचा हात कापत होता,
आणि तिचा हात कधी कापत नसे.

आता तो फोटो माझ्या भिंतीवर आहे.
गवताचं पातंन् पातं मोजता येतं.
दगडावरचं शेवाळ, बिजागरीचा गंज,
कुणीतरी विसरलेला कपडे वाळत घालायचा चिमटा.
आणि उंबरठ्यावर एक कोंबडी,
जिला कुणी सांगितलं नव्हतं की गाव उठलंय.
ती सहाव्या की सातव्या कॉडला
मान वळवून आत बघायला गेली असावी.
तिला दोन डोकी आली आहेत:
एक समुद्राकडे,
एक स्वयंपाकघराकडे.